फोर्ट विल्यमचा डाउनहिल ट्रॅक: अकरा फेऱ्या आणि एका दगडाच्या दोन बाजू

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोहून उत्तरेला निघाले, की लॉक लोमंड सरोवराचा काठ आणि ग्लेनकोची दरी मागे टाकून सुमारे अडीच तासांत फोर्ट विल्यम येते. गावापासून जवळच, ब्रिटनमधील सर्वांत उंच असलेल्या बेन नेव्हिसच्या शेजारी, 1221 मीटर उंचीचा आनाख मोर हा डोंगर आहे आणि त्याच्या उतारावर नेव्हिस रेंज हे केंद्र 1989 पासून चालू आहे. मुळात ते बर्फावरच्या स्कीइंगसाठी उभारले गेले. उन्हाळ्यात मात्र त्याचा रोपवे माणसांबरोबर सायकलीही वर नेतो. साडेसहाशे मीटर उंचीवरच्या वरच्या स्थानकापाशी उतरले, की तिथूनच तो ट्रॅक सुरू होतो, ज्यावर 2002 पासून डाउनहिल सायकलिंगच्या (म्हणजे एकेकट्याने डोंगर उतरून वेळ नोंदवण्याच्या) जागतिक करंडकाच्या शर्यती अनेकदा झाल्या आहेत आणि 2007 व 2023 अशा दोन वेळा जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाल्या आहेत. लांबी सुमारे 2.8 किलोमीटर, उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास. अव्वल स्पर्धक हे अंतर साडेचार मिनिटांच्या आगेमागे कापतात. मला पहिल्या फेरीत, थांबत थांबत, सतरा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या फेरीत साडेनऊ.

हे आकडे आधीच सांगण्याचे कारण असे, की हा अभिप्राय कोणा शर्यतपटूचा नाही हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे. मी दहा-बारा वर्षे डोंगरात सायकल चालवतो. सुरुवात पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर झाली आणि नोकरीनिमित्त ग्लासगोला आल्यावर ती आवड वाढली. या वेळी माझा धाकटा भाऊ सुट्टीसाठी इकडे आला होता, म्हणून दोघांनी मिळून दोन दिवस काढले. सर्वसाधारण डोंगरी वाटांवर हात बसलेला, पण स्पर्धेच्या वाटेला कधी न गेलेला माणूस जर या ट्रॅकवर पैसे आणि सुट्टी खर्च करणार असेल, तर त्याला तिथे नेमके काय मिळते, हे मला सांगायचे आहे. जे मिळते ते वेगापेक्षा वेगळे आहे. पुढच्या वीस मीटरमध्ये चाक कुठे ठेवायचे हे ठरवण्याची सवय तिथे लागते, आणि ही सवय लावण्याचे काम ट्रॅकची आखणीच करते. सायकलवाले या ठरवण्याला 'लाइन' म्हणतात. मीही इथे तोच शब्द वापरतो, कारण 'वाट' म्हटले की ती आधीपासून पडलेली आहे असे वाटते आणि लाइन प्रत्येकाने स्वतः पाडायची असते.

ट्रॅकचा वरचा भाग उघड्या माळावर आहे. झाड नाही, आडोसा नाही, खाली दूरवर खाडीचे पाणी दिसते आणि वारा अंगावर येतो. जमीन दलदलीच्या काळ्या मातीची, त्यात ग्रॅनाइटचे धोंडे. तिथे पाऊस फार पडतो. बारीक माती वाहून जाते आणि दगडांची डोकी उघडी पडत जातात. त्यामुळे खडबडीतपणा हा इथे मुद्दाम रचलेला अडथळा वाटत नाही, तो जमिनीतूनच वर आलेला असतो. आखणी करणाऱ्यांचे खरे कौशल्य मला दिसले ते रुंदीत. या भागात वाट पुष्कळ ठिकाणी इतकी ऐसपैस आहे, की तीन सायकली शेजारी शेजारी उतरू शकतील, आणि त्या रुंदीत कुठलीही एक लाइन उघडपणे चांगली दिसत नाही. डावीकडे दगड मोठे पण एकमेकांना चिकटून बसलेले, मध्ये छोटे दगड पण त्यांच्यामध्ये चाक अडकेल अशा खोबणी, उजवीकडे गुळगुळीत माती पण तिथून पुढच्या वळणात शिरायला कोन वाईट. प्रत्येक बाजूला काहीतरी मिळते आणि काहीतरी सोडावे लागते.

यांपैकी एका जागेपाशी आम्ही पहिल्या दिवशी दुपारी जवळजवळ पाऊण तास काढला. वाटेच्या मधोमध गुडघ्याइतक्या उंचीचा एक धोंडा आहे, वरून सपाट, पुढच्या अंगाला तिरका. त्याच्या उजवीकडून सरळ खाली उतरता येते. डावीकडून जायचे तर आधी थोडे वर चढून, धोंड्याच्या माथ्यावरून चाक सोडावे लागते. सायकली बाजूला आडव्या ठेवून, येणाऱ्यांच्या वाटेतून दूर उभे राहून, आम्ही तो धोंडा जवळून पाहिला. माथ्यावर टायरच्या रबराची काळी रेघ उमटलेली होती, एखाद्या बोटाने काजळ ओढावे तशी, आणि ती रेघ धोंड्याच्या मध्यावर नव्हती, डाव्या कडेपासून वीतभर आत होती. उजवीकडच्या खालच्या दगडांवर मात्र पेडलने घासल्याचे पांढरे ओरखडे होते, एकावर एक, दहा-वीस. ज्या लोकांनी इथून वेगाने सायकल नेली होती त्यांचा निर्णय त्या काळ्या रेघेत होता आणि ज्यांचा अंदाज चुकला होता त्यांचा हिशेब त्या पांढऱ्या ओरखड्यांत. ट्रॅक वाचायचा म्हणजे काय, हे मला त्या दगडाने जितके स्पष्ट सांगितले तितके कुठल्याही चित्रफितीने सांगितले नव्हते.

मग भावाने मोबाइलवर वेळ लावली. उजवीकडून मी धोंडा लवकर ओलांडत होतो, जवळजवळ अर्ध्या सेकंदाने. डावीकडून जायचे तर वळसा पडतो, शिवाय माथ्यावर चढताना वेग थोडा कमी होतो. पण पुढे साठेक मीटरवर एक खांब आहे, तिथपर्यंतची वेळ घेतली तेव्हा डावी लाइन सेकंदाहून अधिक फरकाने पुढे होती. कारण उघड होते, फक्त सायकलवर बसलेल्याला ते दिसत नव्हते. उजवीकडून उतरले की सायकल पुढच्या वळणाच्या आतल्या अंगाला येते, तिथून वळायला ब्रेक दाबावाच लागतो, आणि ब्रेक दाबून घालवलेला वेग पुढच्या सपाट पट्ट्यावर परत मिळत नाही. डावीकडून उतरणारा वळणाच्या बाहेरच्या अंगाला येतो, त्याला वळण मोकळे मिळते आणि तो ब्रेक न लावता निघून जातो. भाऊ म्हणाला, "दादा, तू ब्रेक कुठे दाबतोस ते बघू नकोस, कुठे सोडतोस ते बघ." घाटात ट्रक चालवणारे जसे वळण डोळ्यांसमोर येण्याच्या आधीच गाडी बाहेरच्या अंगाला घेतात, तीच ही समज आहे; फरक एवढाच, की इथे लाइन दीड हात रुंद आहे आणि त्यात दगड आहेत.

आता आखणीचा भाग. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमांनुसार डाउनहिलचा ट्रॅक दीड ते साडेतीन किलोमीटरचा आणि शर्यतीची वेळ दोन ते पाच मिनिटांची असावी लागते. म्हणजे फोर्ट विल्यम हा लांबीने आणि वेळेने वरच्या टोकाजवळचा ट्रॅक आहे. स्पर्धेच्या आठवड्यात ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना पट्टी बांधली जाते आणि स्पर्धकाने त्या दोन पट्ट्यांच्या आतच राहायचे असते. बाहेर गेलाच, तर ज्या जागी बाहेर गेला तिथूनच पुन्हा आत यावे लागते. त्यामुळे पट्टी ही आखणी करणाऱ्याची लेखणी असते. एखाद्या वळणावर ती एक मीटरने आत घेतली, की बाहेरून मारता येणारा मोकळा फेरा नाहीसा होतो आणि सगळ्यांना एकाच जागी ब्रेक दाबावा लागतो. त्या जागी दोन दिवसांत खड्डे पडतात आणि तिसऱ्या दिवशी तीच जागा शर्यतीचा निकाल ठरवू लागते. उलट पट्टी मोकळी सोडली, की कोणी झाडाच्या बुंध्याला घासून आतून जातो, कोणी लांबून येतो, आणि प्रेक्षकालाही कळते, की समोर नुसती ताकद चाललेली नाही, विचार चाललेला आहे. म्हणूनच स्पर्धक सायकलला हात लावण्याआधी पूर्ण ट्रॅक पायी चालून पाहतात. सराव सुरू झाल्यावर रोज लाइन बदलते, कारण शंभर सायकली एकाच मातीवरून गेल्या की ती माती तशी राहत नाही. सकाळी सर्वांत वेगवान असलेली लाइन संध्याकाळी घसरणीची होते.

आपल्या सह्याद्रीत ज्यांनी पावसाळ्यात गड उतरले आहेत त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. सगळे ज्या पायवाटेने उतरतात तिचा चिखल होतो, आणि जाणता माणूस दोन पावले बाजूला, गवताच्या गड्ड्यांवर पाय ठेवत उतरतो. फोर्ट विल्यमला मी तेच करत होतो, फक्त पायांऐवजी चाके होती आणि विचार करायला वेळ एक दशांश होता.

रुंदीचा फायदा अव्वल स्पर्धक कसा घेतात, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण याच ट्रॅकवर घडले. 2002 मध्ये इथे पहिल्यांदा जागतिक करंडकाची शर्यत झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचा ख्रिस कोव्हारिक चौदा सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. ज्या खेळात निकाल बहुधा दशांश सेकंदांवर लागतो, त्यात हे अंतर आजही थक्क करते. अशा फरकाला नुसत्या धाडसाचे कारण पुरत नाही. लांब, खडबडीत ट्रॅकवर शंभर जागी थोडे थोडे बरोबर ठरवले, तरच एवढी बेरीज होते. उलट टोकाला 2023 ची अजिंक्यपद स्पर्धा: इंग्लंडचा चार्ली हॅटन आणि ऑस्ट्रियाचा आंद्रेआस कोल्ब यांच्यात पूर्ण सेकंदाचेही अंतर नव्हते. महिलांमध्ये ऑस्ट्रियाची व्हॅलेंटिना होल जिंकली. ब्रिटनच्या रेचेल अॅथर्टनने 2016 च्या मोसमात जागतिक करंडकाच्या सातही शर्यती जिंकल्या, त्यांत फोर्ट विल्यमचीही होती. आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारने 2017 मध्ये इथे 29 इंची चाकांच्या सायकलीवर विजय मिळवला, तेव्हा डाउनहिलमध्ये मोठ्या चाकांविषयीची शंका बहुतेकांच्या मनातून गेली.

चाकांचा मुद्दा ओघात आला आहे, तर तो इथेच पुरा करतो, कारण भाड्याने सायकल घेताना तो कामाचा आहे. चाक जितके मोठे तितके ते दगडांमधल्या खोबणीत कमी बुडते. वरच्या माळावर मी पहिल्या दिवशी मागचे चाक लहान असलेली सायकल घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही 29 इंची. दुसऱ्या सायकलीवर मधली लाइन, जी आदल्या दिवशी मला अशक्य वाटत होती, ती एकाएकी जाण्याजोगी झाली. मात्र खालच्या जंगलातल्या आवळ वळणांत तीच सायकल मला जड वाटली आणि उंचीने मी बेताचा असल्यामुळे तीव्र उतारावर मागचे चाक माझ्या पार्श्वभागाला घासत होते. म्हणजे लाइन ट्रॅक ठरवतो तितकीच सायकलही ठरवते. एका दिवसासाठीच जाणार असाल आणि उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल, तर मी लहान मागच्या चाकाची सायकल सुचवेन.

माळ संपतो तिथे हरणांसाठी घातलेल्या कुंपणाचे फाटक आहे आणि त्याच्या पुढे जंगल सुरू होते. इथे ट्रॅकचा स्वभाव पूर्ण बदलतो. उजेड कमी, माती काळी आणि ओली, उतार अंगावर येणारा, आणि जमिनीवर झाडांच्या मुळांचे जाळे. माळावर दोन-अडीच मिनिटे, म्हणजे माझ्या बाबतीत पाच-सहा मिनिटे, हादरे खाल्ल्यावर हात इतके भरून आलेले असतात, की ब्रेकच्या दांडीवर बोट आहे की नाही हेही नीट कळत नाही. अशा वेळी आखणी करणारा तुमच्यासमोर सर्वांत नाजूक निवड ठेवतो. हे क्रूर वाटेल, पण मला ती या ट्रॅकमधली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. ताज्या हातांनी केलेली निवड आणि दमलेल्या हातांनी केलेली निवड यांत किती फरक असतो, हे दाखवण्याची याहून चांगली जागा नाही.

ओल्या मुळांचा नियम साधा आहे: त्यांना आडवे, काटकोनात ओलांडायचे, आणि त्यांच्यावर चाक असताना ब्रेकला हात लावायचा नाही. मूळ तिरके आले, की टायर त्याच्या कडेने रुळावरून घसरावा तसा घसरतो. जंगलातल्या तिसऱ्या का चौथ्या वळणाच्या तोंडाशी दोन मुळे इंग्रजी व्ही अक्षरासारखी पडलेली आहेत. खालून, म्हणजे व्हीच्या टोकापाशी गेले तर दोन्ही एकदम ओलांडता येतात, पण मग वळणात शिरायला उशीर होतो. वरून गेले तर एक मूळ काटकोनात मिळते आणि दुसरे हमखास तिरके. मी पहिल्या दिवसाच्या चौथ्या फेरीत वरून गेलो, दुसऱ्या मुळावर घाबरून पुढचा ब्रेक चिमटला आणि क्षणार्धात खांद्यावर आपटलो. अंगावर संरक्षक कवच होते, जमीन मऊ होती, म्हणून निळ्या डागावर निभावले. त्या पडण्यात माझी चूक होतीच. पण त्यात आणखी एका गोष्टीचा वाटा होता.

ती गोष्ट म्हणजे ब्रेक. पहिल्या दिवशीची सायकल आम्ही गावातल्या एका दुकानातून भाड्याने आणली होती. दुकानाचे नाव इथे लिहीत नाही, कारण एका सायकलीवरून दुकानाची परीक्षा करणे रास्त होणार नाही. पण त्या सायकलीचे मागचे ब्रेक-पॅड संपत आले होते आणि दांडी हँडलपर्यंत आत येत होती. अशा ब्रेकवर माणूस दोन बोटांनी, सतत, भीत भीत दाबत राहतो. हात लवकर थकतात. आणि जी लाइन थोडा वेळ ब्रेक सोडून देण्यावर अवलंबून आहे ती घ्यायची हिंमतच होत नाही. तक्रार केल्यावर त्यांनी संध्याकाळी पॅड बदलून दिले आणि अर्ध्या दिवसाचे भाडे कमी केले, हे नमूद करतो. तुम्ही कुठूनही सायकल घ्या, दुकानाच्या दारातच दोन्ही दांड्या एका बोटाने दाबून पाहा. अर्ध्या अंतरात ब्रेकने पकड घेतली नाही तर सायकल परत करा. सस्पेन्शनची हवाही आपल्या वजनाप्रमाणे तिथेच भरून घ्या. वरच्या माळावर ती कमी असेल तर प्रत्येक मोठ्या दगडावर सायकल तळाला टेकते आणि चाक जिथे ठेवायचे ठरवले तिथे राहत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळचे तीन तास एका प्रशिक्षकाबरोबर घालवले. हा खर्च करावा की नाही, याबद्दल माझ्या मनात आधी शंका होती, आता नाही. त्याने आम्हाला उड्या किंवा वळणे शिकवली नाहीत. जंगलाच्या तोंडाशी उभे करून त्याने एकच काम दिले: समोरच्या तीस मीटरमध्ये तुम्ही कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार या दोन जागा आधी बोट दाखवून सांगा, मधले नंतर. मी नेहमीच्या सवयीने सर्वांत भीतीदायक दगडाकडे बोट दाखवले. त्याने मान हलवून वळणानंतरच्या एका शेवाळलेल्या बुंध्याकडे पाहायला सांगितले आणि म्हणाला, की तुझी नजर जिथे थांबते तिथेच तुझी सायकल थांबणार. हे वाक्य प्रत्येक शिकवणारा म्हणत असेल. पण बुंध्याकडे पाहत त्या व्ही आकाराच्या मुळांवरून खालच्या बाजूने जेव्हा मी पहिल्यांदा न अडखळता गेलो आणि मुळे कधी ओलांडली हे मला कळलेही नाही, तेव्हा त्यातला अर्थ हाताला लागला. भावाने ती फेरी मागून पाहिली होती. खाली आल्यावर तो काही बोलला नाही, फक्त हेल्मेट काढून हसला. मला तेवढे पुरले.

जंगलातून बाहेर पडले, की खालचा भाग येतो, ज्याला इथे सगळे 'मोटरवे', म्हणजे महामार्ग, म्हणतात. नाव योग्य आहे. रुंद, वेगवान, मोठमोठ्या उड्यांचा, वळणांना बाहेरच्या बाजूने मातीचे उंच बांध घातलेला हा पट्टा आहे. स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांची गर्दी याच्या शेवटाला असते आणि दूरदर्शनवर हाच भाग सर्वांत देखणा दिसतो. आखणी म्हणून मात्र मला हा भाग वरच्या दोन भागांच्या तोडीचा वाटला नाही. इथे लाइन जवळजवळ ठरलेली आहे. बांध घातलेल्या वळणात चाक कुठे असावे हे बांधच सांगतो आणि उडीला एकच तोंड असते. उरतो तो फक्त वेग किती ठेवायचा हा प्रश्न. चार मिनिटांच्या झोडपणीनंतर पेडल मारण्याची ताकद कोणात उरली आहे, याची इथे परीक्षा होते आणि तीही परीक्षाच आहे, हे मान्य. पण ज्याला लाइन शिकायची आहे त्याने या भागात स्वतःला सिद्ध करण्याच्या फंदात पडू नये. बहुतेक उड्या टाळून बाजूने जाता येते किंवा चाके जमिनीवर ठेवून सरपटत ओलांडता येते; मी सगळ्या तशाच ओलांडल्या आणि मला त्याची जराही खंत नाही.

इथे थोडे विषयांतर करून इटलीतल्या व्हाल दी सोलेचे उदाहरण देतो, कारण शेवटच्या भागात लाइन किती महाग पडू शकते हे त्यातून दिसते. 2008 च्या अजिंक्यपद स्पर्धेत तिथे ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल, ज्याने आदल्या वर्षी फोर्ट विल्यमला अजिंक्यपद जिंकले होते, मोठ्या आघाडीने खाली येत होता. शेवटाजवळच्या एका धुळीच्या वळणावर त्याचे चाक सुटले, तो पडला, उठला, आणि तरीही तिसरा आला. ब्रिटनचा जी अॅथर्टन जिंकला. त्या वळणाला बांध नव्हता. बांध असता तर हिल बहुधा पडला नसता आणि त्या वळणाची आज कोणाला आठवणही राहिली नसती. वळणाला आधार द्यायचा की ते मोकळे, सपाट, किंवा थोडे उलट्या कलाचे सोडायचे, हा आखणी करणाऱ्याच्या हातातला सर्वांत मोठा निर्णय असतो. उलट्या कलाच्या वळणात जमीनच सायकलला बाहेर ढकलते. तिथे वर राहून येणारा आणि खाली घसरत जाणारा यांच्यात सेकंदांचा फरक पडतो. मोटरवेवर अशी दोन-तीन वळणे मिसळली असती, तर शेवटच्या मिनिटालाही डोक्याला काम राहिले असते, असे माझे प्रामाणिक मत आहे. 2020 मध्ये ऑस्ट्रियातल्या लेओगांगच्या ट्रॅकला, जो आधी बराचसा बांधीव होता, अजिंक्यपद स्पर्धेसाठी खालच्या भागात जंगलातला तीव्र, मुळांनी भरलेला तुकडा जोडला गेला आणि त्या ट्रॅकची सगळी ओळखच बदलली, हे पाहिले की माझे म्हणणे अगदीच अवास्तव वाटणार नाही.

सोयींविषयी थोडक्यात. रोपवेला वर जायला पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर वेळ लागतो आणि ही विश्रांती हातांना अत्यंत गरजेची असते. ती टाळून लागोपाठ फेऱ्या मारण्याचा हट्ट धरू नये. डोंगरावर वारा वाढला की रोपवे बंद ठेवावा लागतो, त्यामुळे निघण्याआधी हवामान पाहणे आणि शक्य असल्यास हाताशी एक जादा दिवस ठेवणे शहाणपणाचे. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि पाठ, कोपर, गुडघे यांचे कवच यांशिवाय या ट्रॅकच्या तोंडाशी उभेही राहू नये. ज्यांना एकदम या ट्रॅकवर उतरायची हिंमत होत नाही त्यांच्यासाठी त्याच रोपवेवरून खाली येणाऱ्या सोप्या श्रेणीच्या वाटाही आहेत आणि पायथ्याच्या जंगलात सपाट फेऱ्याही आहेत. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माशांचे थवे येतात. आपल्याकडच्या चिलटांपेक्षा लहान, पण चावा कितीतरी अधिक. खाली थांबून पाणी पिताना जाळीचा टोप जवळ असलेला बरा.

हा ट्रॅक कोणी टाळावा, हेही स्पष्ट लिहितो. ज्यांना गुळगुळीत, बांधीव, हवेत तरंगत नेणाऱ्या वाटा आवडतात त्यांना इथे पहिल्या दोन मिनिटांतच कंटाळा येईल आणि मनगटे दुखतील. ज्यांनी दगडांच्या वाटेवर कधीच सायकल चालवलेली नाही त्यांनी आधी वर्षभर दुसरीकडे हात बसवावा. आणि ज्यांना एकाच दिवसात दहा-बारा फेऱ्यांचे पैसे वसूल करायचे आहेत त्यांना सांगतो, की आमच्या अकरा फेऱ्या दोन दिवसांत झाल्या आणि त्यांतल्या शेवटच्या दोन आम्ही केवळ इच्छेच्या बळावर केल्या. दिवसाला पाच फेऱ्या, त्यांतली पहिली थांबत थांबत आणि दुसरी फक्त वरच्या माळाचा विचार करत, एवढे पुष्कळ झाले.

आमच्या शेवटच्या फेरीला संध्याकाळचा तिरपा उजेड होता आणि सकाळी थोडा पाऊस होऊन गेल्यामुळे दगड अजून ओलसर होते. मी डावीकडून, त्या काळ्या रेघेवरून धोंडा ओलांडला आणि वळणात ब्रेक न लावता बाहेर पडलो. भाऊ माझ्या मागून उजवीकडून आला. तो माझ्यापेक्षा हलका आहे, त्याने खोबणी उडी मारून ओलांडली, आतल्या अंगाला उतरला आणि तरीही खांबापाशी माझ्या मागच्या चाकाला चिकटलेला होता. फाटकापाशी थांबल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "दादा, उजवी पण चालते, फक्त पहिल्या दोन दगडांना शिवायचे नाही." आम्हा दोघांना पुन्हा वर जाऊन ते मोजून पाहायचे होते; पण रोपवेची शेवटची फेरी निघून गेली होती.